सपाट ट्रेलरवरील भारबंधन आणि चेन बाइंडरची निवड : एक विवेचन

सारांश

सपाट तळाच्या ट्रेलरवरील जड भार साखळ्यांनी बांधला जातो. साखळी ताणण्यासाठी व ताणलेली ठेवण्यासाठी जे साधन वापरले जाते त्यास चेन बाइंडर म्हणतात. या साधनाची निवड बहुधा किंमत, सवय किंवा साखळीची जाडी पाहून केली जाते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील भारबंधनविषयक नियम आधारभूत मानून बाइंडर निवडण्याच्या कसोट्यांचे विवेचन केले आहे. बाइंडर हा साखळीला जोडलेला बाहेरचा घटक नसून बंधनाचीच एक कडी आहे. त्यामुळे त्याची कार्यभार मर्यादा, ताण निर्माण करण्याची पद्धत आणि तो हाताळणाऱ्या माणसाची सुरक्षितता या तीन बाबींचा एकत्र विचार करावा लागतो, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : भारबंधन, चेन बाइंडर, कार्यभार मर्यादा, रॅचेट, प्रारंभिक ताण, घर्षण.

१. प्रस्तावना

मालवाहतुकीचा विचार करताना इंधन, रस्ते, वेळ व खर्च या बाबींची चर्चा विस्ताराने होते. वाहनावर ठेवलेला माल वाहनाबरोबरच राहावा यासाठी काय करावे लागते, याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. बंद वाहनात मालाला चार भिंतींचा आधार असतो. सपाट तळाच्या ट्रेलरला भिंती नसतात. पोकलेन, रोड रोलर, पोलादी पत्र्यांची गुंडाळी, लोखंडी तुळया, काँक्रीटचे मोठे पाइप असा माल अशा ट्रेलरवर उघड्यावरच वाहून नेला जातो. वाहन एकाएकी थांबले तरी माल आपल्या गतीने पुढे जाऊ पाहतो. वळणावर तो बाहेरच्या बाजूस सरकू पाहतो. न्यूटनच्या गतिविषयक पहिल्या नियमाचे हे रोजच्या व्यवहारातील रूप होय. या प्रवृत्तीला विरोध करणारे बळ घर्षणातून, ठोकळ्यांतून आणि बांधणीतून मिळते.

बांधणी सैल झाली तर त्याची किंमत प्रथम चालकाला आणि रस्त्यावरील इतरांना मोजावी लागते. बांधणी चुकीच्या साधनाने आवळली तर ती आवळणाऱ्या माणसाला इजा होते. म्हणजे एकाच साधनाच्या निवडीवर दोन ठिकाणच्या माणसांची सुरक्षितता अवलंबून असते. म्हणूनच वरवर किरकोळ वाटणारा हा विषय सविस्तर विवेचनास पात्र ठरतो.

चेन बाइंडरचा सर्वाधिक व्यवस्थित वापर उत्तर अमेरिकेतील सपाट ट्रेलरांच्या वाहतुकीत आढळतो आणि त्याविषयीचे नियमही तेथे आकड्यांसह स्पष्टपणे मांडलेले आहेत. त्यामुळे प्रस्तुत लेखात अमेरिकेचे उदाहरण मुख्यतः घेतले आहे. भारतीय संदर्भ शेवटी थोडक्यात दिला आहे.

२. नियमांची चौकट

अमेरिकेच्या संघीय मोटार वाहतूक सुरक्षा प्रशासनाने भारबंधनाचे सुधारित नियम सप्टेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध केले. १ जानेवारी २००४ पासून त्यांचे पालन वाहतूकदारांवर बंधनकारक झाले. अमेरिका व कॅनडा या दोन्ही देशांत बांधणीचे नियम शक्यतो सारखे असावेत, या हेतूने तयार झालेल्या आदर्श नियमावलीचा त्यांना आधार होता. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांतील पुढील तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

पहिली तरतूद बळाविषयी आहे. बांधणीने पुढच्या दिशेने गुरुत्वीय त्वरणाच्या ०.८ पट, मागच्या दिशेने ०.५ पट आणि आडव्या दिशेने ०.५ पट एवढा जोर सहन केला पाहिजे. पुढच्या दिशेचा आकडा मोठा असण्याचे कारण उघड आहे. जोरात ब्रेक दाबल्यावर वाहनाचा वेग जितक्या झपाट्याने कमी होतो, तितक्या झपाट्याने तो सामान्यतः वाढत नाही.

दुसरी तरतूद एकूण क्षमतेविषयी आहे. एखाद्या वस्तूच्या सर्व बंधनांची मिळून कार्यभार मर्यादा त्या वस्तूच्या वजनाच्या निम्म्याहून कमी असता कामा नये. येथे कार्यभार मर्यादा म्हणजे सुस्थितीतील साधनावर नेहमीच्या वापरात जास्तीत जास्त जेवढा भार येऊ द्यावा ती मर्यादा. साधन तुटण्याचा भार याहून कितीतरी अधिक असतो. ही बेरीज करताना बंधन कसे घातले आहे हेही पाहिले जाते. ट्रेलरच्या एका बाजूकडून निघून मालावरून दुसऱ्या बाजूस जाणाऱ्या बंधनाची पूर्ण मर्यादा धरतात. ट्रेलरवरील बिंदूपासून थेट मालावरील बिंदूपर्यंत जाणाऱ्या बंधनाची निम्मीच मर्यादा धरली जाते. मालाला वळसा घालून ट्रेलरच्या त्याच बाजूस परत येणाऱ्या बंधनाचाही हिशेब निम्म्यानेच होतो.

तिसरी तरतूद बाइंडरच्या निवडीचा पायाच मानावी लागेल. बंधनाची कार्यभार मर्यादा ठरवताना त्यातील सर्व घटकांपैकी सर्वांत कमी मर्यादेचा घटक विचारात घ्यावा, असे नियम सांगतो. आणि या घटकांत ताण देणाऱ्या साधनाचा स्पष्ट उल्लेख करतो. ट्रेलरवरील ज्या बिंदूला साखळी अडकवली आहे त्याची मर्यादा याहूनही कमी असेल, तर तीच धरावी लागते.

चौथी तरतूद प्रवासातील काळजीविषयी आहे. प्रवासात असताना चालकाला बंधन पुन्हा आवळता येईल अशीच त्याची रचना असली पाहिजे. चालकाने पहिल्या ५० मैलांच्या आत, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरच्या आत, मालाची व बांधणीची तपासणी करावी. त्यानंतर कामाची स्थिती बदलताना, ३ तास वाहन चालवल्यावर किंवा १५० मैल म्हणजे सुमारे २४० किलोमीटर अंतर कापल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, पुन्हा तपासणी करावी. ही तरतूद वाचली की बाइंडर हे एकदा बंद करून विसरून जाण्याचे साधन नाही, हे ध्यानात येते.

३. साखळीची श्रेणी आणि तिचे चिन्ह

बाइंडर निवडण्यापूर्वी साखळी ओळखावी लागते. पोलादाच्या बळानुसार साखळीच्या श्रेणी ठरवलेल्या असून श्रेणीचा अंक कड्यांवर ठरावीक अंतराने उठवलेला असतो. वाहतुकीसाठी प्रामुख्याने ७० श्रेणीची साखळी वापरली जाते. तिला बहुधा सोनेरी झाक असते; परंतु रंग हा पुरावा नव्हे, कडीवरील अंक हाच पुरावा होय. अमेरिकी नियमांतील तक्त्यानुसार ३/८ इंच, म्हणजे सुमारे १० मिलिमीटर जाडीच्या साखळीच्या कार्यभार मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत.

कोष्टक क्र. १ : ३/८ इंच साखळीची कार्यभार मर्यादा

श्रेणी ३० : १,२०० किलोग्रॅम
श्रेणी ४३ : २,४५० किलोग्रॅम
श्रेणी ७० : २,९९० किलोग्रॅम
श्रेणी ८० : ३,२०० किलोग्रॅम
श्रेणी १०० : ४,००० किलोग्रॅम

जाडी एकच असूनही मर्यादेत तिपटीहून अधिक फरक पडतो, हे या कोष्टकावरून दिसून येते. ज्या साखळीवर कोणतेही चिन्ह नाही ती ३० श्रेणीची समजावी, असा नियम आहे. म्हणजे मूळ साखळी उत्तम असली तरी तिच्यावरील अंक झिजून गेले असतील, तर हिशेबात तिची किंमत घसरते. जाडी बदलली तरी मर्यादा झपाट्याने बदलते. ७० श्रेणीच्या ५/१६ इंच साखळीची मर्यादा २,१३० किलोग्रॅम, तर १/२ इंच साखळीची ५,१३० किलोग्रॅम आहे.

येथे आणखी एक भेद लक्षात ठेवावा लागतो. ७० श्रेणीची साखळी भार बांधण्यासाठी आहे, क्रेनने तो डोक्यावरून उचलण्यासाठी नाही. उचलण्याच्या कामासाठी ८० व १०० या श्रेणींच्या मिश्रपोलादी साखळ्या वापरतात. बाइंडरही उचलण्याचे साधन म्हणून वापरू नये.

४. बाइंडरचे दोन प्रकार

४.१ लिव्हर बाइंडर

लिव्हर बाइंडरमध्ये एक लांब दांडा आणि साखळीच्या कड्यांत अडकणारे दोन आकडे असतात. दांडा उलट बाजूस ओढला की दोन्ही आकडे परस्परांकडे येतात आणि साखळी ताणली जाते. दांडा मध्यरेषा ओलांडून पलीकडे गेला की साखळीचाच ताण त्याला बंद स्थितीत धरून ठेवतो. रचना साधी, किंमत कमी, वजन बेताचे आणि काम झटपट, हे या प्रकाराचे गुण होत. त्यात झिजणारे भाग थोडे असल्यामुळे देखभालही फारशी लागत नाही.

याच रचनेत त्याचा दोषही दडलेला आहे. दांडा बंद करताना साखळीत व ट्रेलरच्या सांगाड्यात ऊर्जा साठते. दांडा मध्यरेषेच्या अलीकडे असेपर्यंत ही ऊर्जा त्याला मागे लोटत असते. हात निसटला, किंवा बाइंडर उघडताना दांड्याने मध्यरेषा ओलांडली, तर साठलेली सर्व ऊर्जा क्षणार्धात मोकळी होते आणि दांडा वेगाने उसळतो. त्याच्या मार्गात चेहरा, जबडा किंवा मनगट असेल तर गंभीर इजा होते. ताण वाढवण्यासाठी दांड्यावर लोखंडी नळी चढवण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. त्यामुळे ताण तर वाढतोच, परंतु बाइंडरवर त्याच्या मर्यादेपलीकडे भार येऊ शकतो आणि उसळणाऱ्या दांड्याला नळीची लांबी व वजन येऊन मिळते. म्हणूनच उत्पादकांच्या सूचनांत नळी न वापरण्याची सक्त ताकीद असते.

४.२ रॅचेट बाइंडर

रॅचेट बाइंडरमध्ये एका नळकांड्यात दोन्ही टोकांकडून दोन स्क्रू बसवलेले असतात. एकाचे आटे उजवे व दुसऱ्याचे डावे असल्याने नळकांडे फिरले की दोन्ही स्क्रू एकाच वेळी आत येतात किंवा बाहेर जातात. दांड्यातील खटक्यामुळे हात पुढे-मागे हलवत नळकांडे एकाच दिशेने फिरवता येते. खटका पालटला की तेच काम उलट दिशेने होते.

या प्रकारात ताण थोडा थोडा वाढतो आणि सोडतानाही थोडा थोडा कमी होतो. स्क्रूच्या आट्यांतील घर्षणामुळे साखळीचा ताण नळकांड्याला आपोआप उलट फिरवू शकत नाही. त्यामुळे दांडा उसळण्याचा धोका लिव्हर प्रकाराच्या तुलनेत फारच कमी राहतो. साखळी ओढून घेण्याचे अंतरही अधिक मिळते. उलटपक्षी हे साधन महाग व वजनाने जड असते, कामाला अधिक वेळ लागतो, आणि आट्यांत धूळ व चिखल साचू न देता वेळोवेळी ग्रीस लावावे लागते.

४.३ प्रवासात आवळण्याचा प्रश्न

दोन्ही प्रकारांतील एक फरक सहसा दुर्लक्षित राहतो. प्रवासात साखळी सैल होण्याची कारणे अनेक असतात. मालाखालच्या लाकडी फळ्या दबतात, यंत्राचे टायर किंवा पट्टे बसतात, सांगाडा वाकतो, पीळ पडलेल्या कड्या सरळ होतात. पोलादी साखळी कापडी पट्ट्याप्रमाणे फारशी ताणली जात नाही. त्यामुळे काही मिलिमीटरच्या बैठकीनेही तिच्यातील ताण बराचसा नाहीसा होऊ शकतो.

अशा वेळी लिव्हर बाइंडर उघडून आकडा पुढच्या कडीत घालावा लागतो. म्हणजे ताण वाढवण्याची लहानात लहान पायरी एका कडीएवढी असते. एक कडी पुढे घेतली तर दांडा बंद होत नाही आणि न घेतली तर साखळी सैल राहते, असा पेच उभा राहतो. दांड्याला नळी लावण्याचा मोह नेमका येथेच होतो. रॅचेट बाइंडर न उघडता अर्धा फेरा फिरवला तरी सैलपणा निघून जातो. दर २४० किलोमीटरला तपासणी अपेक्षित असलेल्या व्यवस्थेत हा गुण निर्णायक ठरतो.

५. क्षमतेचा हिशेब : एक उदाहरण

१०,००० किलोग्रॅम वजनाचे एक पोकलेन सपाट ट्रेलरवर न्यायचे आहे असे मानू. ४,५३६ किलोग्रॅम किंवा त्याहून जड अशा चाकांच्या वा पट्ट्यांच्या यंत्राला किमान चार बंधने असावीत, असा अमेरिकी नियम आहे. यंत्राचा पुढचा खोदणारा भाग पूर्णपणे खाली टेकवून स्वतंत्रपणे बांधावा लागतो. त्याची साखळी येथे हिशेबात धरलेली नाही. चार साखळ्या यंत्राच्या चार कोपऱ्यांपासून ट्रेलरपर्यंत थेट घातल्या आहेत. आवश्यक एकूण मर्यादा वजनाच्या निम्मी, म्हणजे ५,००० किलोग्रॅम.

साखळी ७० श्रेणीची, ३/८ इंच जाडीची निवडली. प्रत्येकीची मर्यादा २,९९० किलोग्रॅम. बंधन थेट असल्याने निम्मी, म्हणजे १,४९५ किलोग्रॅम धरायची. चारांची बेरीज ५,९८० किलोग्रॅम होते. ही बांधणी पुरेशी आहे, असा निष्कर्ष येथे सहज काढला जाईल.

आता बाइंडर पाहू. बाजारात ५/१६ ते ३/८ इंच साखळीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक बाइंडरांवर ५,४०० पौंड, म्हणजे सुमारे २,४५० किलोग्रॅम, ही मर्यादा कोरलेली असते. हा आकडा ४३ श्रेणीच्या ३/८ इंच साखळीशी जुळतो, ७० श्रेणीच्या साखळीशी नाही. आकडा कडीत नीट बसतो, दांडा बंद होतो, डोळ्यांना काहीही वावगे दिसत नाही. परंतु सर्वांत कमी मर्यादेचा घटक धरण्याच्या नियमानुसार प्रत्येक बंधनाची मर्यादा आता २,४५० किलोग्रॅम झाली. तिची निम्मी १,२२५ आणि चारांची बेरीज ४,९०० किलोग्रॅम. आवश्यकतेपेक्षा १०० किलोग्रॅम कमी. पुरेशी वाटलेली बांधणी केवळ बाइंडरमुळे अपुरी ठरली.

यावर उपाय दोन आहेत. त्याच जाडीच्या साखळीसाठी ६,६०० पौंड, म्हणजे २,९९० किलोग्रॅम मर्यादेचे बाइंडरही मिळतात. ते वापरल्यास बेरीज पुन्हा ५,९८० होते. अथवा आधीच्याच प्रकारचा बाइंडर लावून पाचवी साखळी घालावी; तेव्हा बेरीज ६,१२५ किलोग्रॅम होते. याउलट याच ठिकाणी चिन्ह नसलेली साखळी वापरली, तर चारांची बेरीज अवघी २,४०० किलोग्रॅम भरेल आणि कितीही उत्तम बाइंडर लावला तरी ती वाढणार नाही.

या उदाहरणाचे तात्पर्य असे की बाइंडरवरील इंचांचा आकडा केवळ तो कोणत्या कडीत बसेल हे सांगतो. तो किती भार पेलेल हे मर्यादेचा आकडाच सांगतो. निवड दुसऱ्या आकड्यावरून झाली पाहिजे.

६. मर्यादा आणि ताण यांतील भेद

बंधनाची कार्यभार मर्यादा आणि बांधताना त्यात प्रत्यक्ष निर्माण होणारा ताण या दोन भिन्न राशी आहेत. थेट बांधणीत हा भेद तितकासा जाणवत नाही, कारण माल सरकू लागताच साखळीतील ताण आपोआप वाढतो व तिची क्षमता उपयोगात येते. मालावरून आडव्या टाकलेल्या साखळीचे कार्य निराळे असते. ती मालाला खाली दाबते, त्यामुळे घर्षण वाढते आणि ते घर्षण मालाला धरून ठेवते. येथे प्रारंभिक ताणालाच सर्व महत्त्व येते. आणि तो ताण बाइंडर निर्माण करतो.

हे आकड्यांनी पाहणे उद्बोधक ठरेल. १०,००० किलोग्रॅमचा काँक्रीटचा ठोकळा ट्रेलरवर ठेवला असून पुढे त्याला कोणताही अडथळा नाही. घर्षणांक ०.३ मानू. पुढच्या दिशेने ०.८ पट जोर, म्हणजे ८,००० किलोग्रॅम भाराएवढे बळ अडवायचे आहे. ठोकळ्याच्या स्वतःच्या वजनाने ३,००० एवढे घर्षण मिळते. उरलेल्या ५,००० साठी साखळ्यांनी ठोकळ्यावर सुमारे १६,६६७ एवढा दाब दिला पाहिजे. प्रत्येक साखळीच्या दोन्ही बाजू उभ्या खाली येतात असे मानल्यास तिचा दाब तिच्यातील ताणाच्या दुप्पट असतो. म्हणून सर्व साखळ्यांतील ताणांची बेरीज सुमारे ८,३३३ किलोग्रॅम भाराएवढी हवी.

लिव्हर बाइंडर हाताचा जोर साधारणतः २५ पट करतो, रॅचेट बाइंडर सुमारे ५० पट, असे या साधनांच्या माहितीत नमूद केलेले आढळते. हाताचा जोर १०० पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलोग्रॅम मानल्यास लिव्हरने १,१३४ आणि रॅचेटने २,२६८ किलोग्रॅम एवढा ताण येईल. त्यानुसार लिव्हर वापरल्यास आठ आणि रॅचेट वापरल्यास चार साखळ्या लागतील. साखळी ठोकळ्याच्या कोपऱ्यावरून वळताना दुसऱ्या बाजूचा ताण कमी होतो, तिरकी असल्यास दाब कमी पडतो, बाइंडरमध्ये घर्षण असते. या सर्व कारणांनी प्रत्यक्ष गरज याहून अधिकच असेल. नियमातील बेरजेनुसार मात्र २,९९० किलोग्रॅम मर्यादेच्या दोन आडव्या साखळ्यांनीच वजनाच्या निम्म्याची अट पूर्ण होते. नियम किमान मर्यादा सांगतो; भौतिकशास्त्राचा हिशेब त्यामुळे संपत नाही. ठोकळ्यापुढे भक्कम अडथळा देणे, त्याखाली रबरी चटई घालून घर्षण वाढवणे किंवा थेट बांधणी करणे हे उपाय केवळ साखळ्या वाढवण्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरतात.

याच आकड्यांतून एक विरुद्ध दिशेचा इशाराही मिळतो. रॅचेटने १०० पौंडांच्या जोरावर ५,००० पौंडांचा ताण येत असेल, तर ७० श्रेणीच्या ५/१६ इंच साखळीची ४,७०० पौंडांची मर्यादा केवळ हाताच्या जोराने ओलांडली जाऊ शकते, तीही वाहन जागचे हललेले नसताना. म्हणून लहान साखळीला मोठा बाइंडर लावणे हा सुरक्षिततेचा उपाय नव्हे. साखळी व बाइंडर एकमेकांना साजेसे असणे हाच उपाय होय.

७. निवडीच्या कसोट्या

वरील विवेचनावरून बाइंडर निवडताना पुढील क्रमाने विचार करणे इष्ट ठरते.

प्रथम मालाचे वजन, आकार व बांधणीची पद्धत निश्चित करावी. त्यावरून साखळ्यांची संख्या व प्रत्येकीची आवश्यक मर्यादा काढावी. नंतर साखळीची श्रेणी व जाडी ठरवावी. त्यानंतरच बाइंडर निवडावा. त्यावर कोरलेली मर्यादा साखळीच्या मर्यादेइतकी किंवा तिच्याहून अधिक असावी आणि त्याचे आकडे त्या जाडीच्या कडीत घट्ट बसणारे असावेत. मर्यादा कोरलेली नसेल असा बाइंडर घेऊ नये.

त्यानंतर प्रकाराचा प्रश्न येतो. माल वारंवार चढवला-उतरवला जात असेल, प्रवास जवळचा असेल आणि हाताळणारा माणूस अनुभवी असेल, तर लिव्हर बाइंडरचा वेग उपयोगी पडतो. लांबचा प्रवास, बसकण घेणारा माल, जड यंत्रसामग्री किंवा नवखा कामगार असेल तेथे रॅचेट बाइंडरलाच प्राधान्य द्यावे. दोन्ही प्रकारांच्या किमतींतील फरक एखाद्या माणसाच्या दुखापतीशी तुलना करून पाहिला, तर तो फरक मोठा वाटत नाही.

शेवटी साधनाच्या स्थितीकडे पाहावे. वाकलेला आकडा, उघडलेले तोंड, तडा, झिजलेले आटे, निसटणारा खटका यांपैकी काहीही आढळल्यास बाइंडर बाद करावा. तो तापवून सरळ करणे किंवा वेल्डिंग करून पुन्हा वापरणे धोक्याचे असते, कारण उष्णतेने पोलादाचे गुणधर्म बदलतात व कोरलेली मर्यादा निरर्थक ठरते. हाताळताना बाइंडर जमिनीवर उभे राहून पोहोचता येईल अशा जागी लावावा. दांडा शक्यतो खालच्या दिशेने ओढून बंद व्हावा. उघडताना शरीर त्याच्या मार्गाबाहेर असावे. बंद दांडा साखळीच्या उरलेल्या टोकाने किंवा तारेने बांधून ठेवावा, म्हणजे धक्क्यांनी तो उघडणार नाही.

८. भारतीय संदर्भ

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ११३ वाहनाच्या वजनाच्या मर्यादांविषयी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १९४ (१अ) नुसार वाहनाच्या बाजूंस, पुढे, मागे किंवा उंचीत अनुज्ञेय मर्यादेबाहेर गेलेल्या मालाबद्दल २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. या तरतुदींचा भर भाराचे वजन आणि मापे यांवर आहे. माल किती मोठा व किती जड, हा प्रश्न त्या विचारतात. तो कशाने धरला आहे, हा प्रश्न त्यांच्या पुढचा आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न दूरचा नाही. जालना येथील पोलाद कारखान्यांतून निघणाऱ्या सळया, चाकण परिसरातील वाहन उद्योगाकडे जाणाऱ्या पत्र्यांच्या गुंडाळ्या, न्हावा-शेवा बंदरातून येणारी यंत्रसामग्री हा सर्व माल रस्त्यानेच जातो आणि त्यांतील बराचसा घाटांतून जातो. उतारावर ब्रेक व वळण यांचे बळ एकाच वेळी मालावर येते. पुढच्या आणि आडव्या दिशांचे आकडे केवळ परदेशी नियमपुस्तिकेपुरते नाहीत, हे अशा ठिकाणी उघड होते.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीनेही हा विषय उपयुक्त आहे. पदवी स्तरावर तरफ, स्क्रू, घर्षण व बलांचे विघटन हे घटक शिकवले जातात. परंतु त्यांची उदाहरणे बहुधा पाठ्यपुस्तकातील कप्प्या व उतारफळ्या यांपुरतीच राहतात. वाणिज्य शाखेत वाहतूक व्यवस्थापन शिकवताना मालाच्या नुकसानीचा विचार विम्याच्या अंगाने होतो, तो टाळण्याच्या अंगाने क्वचितच होतो. एक साखळी, एक बाइंडर आणि वरील दोन हिशेब घेऊन भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी, वाणिज्य व व्यावसायिक सुरक्षितता या चारही विषयांना जोडणारा पाठ सहज घेता येईल.

९. निष्कर्ष

१) बाइंडर हा बंधनाचाच घटक असून त्याची मर्यादा साखळीपेक्षा कमी असल्यास संपूर्ण बंधनाची मर्यादा तेवढीच राहते.

२) जाडीचे माप जुळणे व क्षमता जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, निवड कोरलेल्या कार्यभार मर्यादेवरून व्हावी.

३) आडव्या बांधणीत प्रत्यक्ष ताणाला महत्त्व असते. त्यामुळे ताण निर्माण करण्याची व प्रवासात तो टिकवण्याची बाइंडरची क्षमता विचारात घ्यावी लागते.

४) लिव्हर बाइंडरमध्ये साठणारी ऊर्जा हा माणसाला असलेला धोका आहे. लांबच्या व जड वाहतुकीसाठी रॅचेट बाइंडर अधिक सुरक्षित ठरतो. मात्र त्याला अनुरूप साखळी व नियमित देखभाल आवश्यक आहे.

५) कोणताही बाइंडर वारंवार तपासणीला पर्याय होऊ शकत नाही.

ट्रेलर निघताना घट्ट असलेली साखळी शंभर किलोमीटरवर तशीच असेल, याची हमी कोणतेही साधन देत नाही. ती हमी वाहन थांबवून खाली उतरणारा आणि प्रत्येक साखळीला हात लावून पाहणारा चालकच देऊ शकतो. त्याच्या हाती योग्य बाइंडर देणे ही मात्र माल पाठवणाऱ्याची आणि वाहनमालकाची जबाबदारी आहे.